ओलीस ठेवलेलं बाळ

मेणबाईच्या दुकानात माणूस सुट्या भागांत मिळायचा. हात, पाय, डोळ्यांची जोडी, छाती, कान, नुसता गुडघा, झालंच तर अख्खं डोकं. सगळं पिवळट मेणाचं, आतून पोकळ, वर टांगायला दोऱ्याचा फास. दुकान मोठ्या चर्चच्या पायऱ्यांना चिकटून होतं आणि इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला दुसऱ्याचं दुखणं ऐकून घ्यावंच लागायचं. मागे एक खोली, तिथे चूल आणि मेणाची कढई. वरच्या माळ्यावर दोन खाटा, एक मेणबाईची आणि एक तिच्या दादाची.

ज्याचं जे दुखेल त्यानं ते घ्यायचं, संतासमोर ठेवायचं, मेणबत्ती लावायची आणि घरी जाऊन बरं वाटायची वाट बघायची. शनिवारी घंटावाला वेदीसमोरचा ढीग टोपलीत भरून दुकानात आणून ओतायचा आणि मेणबाई तो पुन्हा कढईत घालायची. काल जो कुणाचा गुडघा होता तो आज दुसऱ्याच्या छातीचा आकार घ्यायचा. गावाला हे ठाऊक होतं आणि त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. दुखणी तरी कुठं नवी असतात, असं मेणबाई म्हणायची.

त्या जुन्या शहरात संतांनाही कामं वाटून दिलेली होती, सरकारी कचेरीत खिडक्या असतात तशी. डोळ्यांचं गाऱ्हाणं संत लूसीकडे, दातांचं अपोलोनियाकडे, घशात काटा अडकला तर ब्लेझकडे. हरवलं-सापडलं हे खातं संत अंतोनीचं, आणि तिथे कायम गर्दी. अंतोनीच्या हातावर बाळ येशू बसलेला असतो. घरात काही हरवलं, की आपल्या मूर्तीच्या हातावरून ते बाळ काढून घ्यायचं आणि संताला ठणकावून सांगायचं, माझं दे, मग तुझं देते. देव पाण्यात घालून बसणारी माणसं असतात, ही माणसं देवाचं पोरच ओलीस ठेवायची. वस्तू मिळाली की बाळ परत. आणि बाळ परत बसलेलं दिसलं की आल्यागेल्यानं विचारायचं, ‘सापडलं का?’ तो रिवाजच होता. फादर दर वर्षी प्रवचनात यावर डाफरायचे. मात्र त्यांचा चष्मा हरवला की त्यांच्याही टेबलावरच्या अंतोनीचा हात रिकामा दिसायचा.

ह्या रिवाजापायी मेणबाईच्या आजोबांनी प्लास्टरच्या मूर्ती अशा बनवल्या, की बाळ खालून खुंटीवर बसावं आणि हवं तेव्हा निघावं. शहरातल्या निम्म्या घरांत त्यांच्याच मूर्ती होत्या. लोकांनी किल्ल्यांसाठी, छत्र्यांसाठी, कर्णफुलांसाठी ते बाळ इतक्यांदा काढलं-घातलं होतं, की बऱ्याच घरांत खुंटी झिजून बाळ डुगडुगायचं. मेणबाईच्या घरची मूर्ती मात्र नव्यासारखी होती. तिनं अंतोनीला कधी त्रास दिला नव्हता. तिचं जे हरवलं होतं ते कुठे आहे हे दादाला माहीत होतं, मग संताला कशाला मध्ये घाला?

ते काय, ते सांगायला हवं. मेणबाई बावीस वर्षांची असताना चर्चच्या वेदीला सोन्याचा वर्ख लावायला बाहेरगावचा एक कारागीर आला होता. आठ महिने राहिला. वेदी पूर्ण झाली, तो गेला, आणि मग मेणबाईच्या आईच्या लक्षात आलं की पोरीचं पोट वाढतंय. आई कडक. चर्चच्या पायरीशी दुकान, संतांच्या नावावर पोट, आणि घरात हे असलं. तिनं पोरीला मागच्या खोलीत ठेवली आणि बाहेर सांगितलं, कावीळ झालीय. त्याच खोलीत कढईशेजारी मेणबाई बाळंत झाली. एकदा रडणं ऐकलेलं तिला आठवत होतं. मग ताप चढला, आणि तो उतरायला बारा दिवस लागले. शुद्धीवर आली तेव्हा खोली धुतलेली होती, आणि बारा वर्षांनी मोठा असलेला तिचा दादा उशाशी बसला होता.

‘‘मुलगी होती,’’ तो म्हणाला. ‘‘चांगल्या लोकांकडे दिली. मीच नेऊन दिली.’’

‘‘कुणाकडे?’’

‘‘आईनं शपथ घातलीय. पण धाकटे, मी वर्षातनं एकदा जाऊन बघून येत जाईन. तुला सांगत जाईन.’’

दादानं शब्द पाळला. दर वर्षी अंतोनीच्या सणाला, मिरवणूक संपली की तो धुतलेला सदरा घालायचा, आदल्या दिवशी ओतलेलं एक मेणाचं बाळ खिशात घालायचा आणि जायचा. हे कुणासाठी, असं मेणबाईनं पहिल्या वर्षी विचारलं होतं. एका बाईचा नवस आहे, असं तो म्हणाला होता. दुपार कलली की परत यायचा, बूट काढायचा, पाणी प्यायचा आणि एक बातमी द्यायचा. एकच. दुसरी विचारायची नाही, असं ठरलेलं होतं.

दात आले. चालायला लागली. कुत्र्याला भिते. गणितात कच्ची आहे. तुझ्यासारखी डावरी आहे. ह्या डावऱ्या बातमीवर मेणबाईनं अख्खं वर्ष काढलं होतं. चमचा धरताना, सुरी धरताना, मेणाच्या हातावर साच्याच्या सांध्याची उठलेली शिवण तासताना तिला वाटायचं, ती पण आत्ता असंच काहीतरी धरत असेल. पुढे बातम्या मोठ्या होत गेल्या. पोस्टात नोकरी लागली. लग्न झालं, नवरा शांत आहे. मुलगा झाला, त्याचे कान मोठे आहेत. मेणबाई आजी झाली तेव्हा चाळिशी ओलांडून थोडीच वर्षं झाली होती. त्या दिवशी तिनं दुकान बंद ठेवलं आणि शेजारच्या पाववालीला सांगितलं, पोटात दुखतंय.

‘‘मग पोट घेऊन जा की अंतोनीकडे,’’ पाववाली म्हणाली. ‘‘घरचंच तर आहे.’’

‘‘पोटाचा साचा फुटलाय,’’ मेणबाई म्हणाली आणि माळ्यावर जाऊन पोटभर रडली. सुखानं रडली. असं तिच्या आयुष्यात फार वेळा झालं नव्हतं.

पत्ता मात्र दादानं कधी दिला नाही. आई आहे तोवर नको, म्हणाला. आई गेली. मग म्हणाला, जिनं वाढवलं ती अजून आहे, तिच्या मनाला लागेल, ती गेली की सांगतो. मेणबाईनं त्या अनोळखी बाईच्या मरणाची वाट बघितली आणि त्या पापाची कबुलीही दिली. फादरनी तिला प्रार्थना म्हणायला लावल्या. तिनं त्या म्हटल्या आणि पुन्हा वाट बघायला लागली. घाई नव्हती. दादा धडधाकट होता आणि पत्ता त्याच्या डोक्यात सुखरूप होता.

आणि मग दादाचं डोकंच झिरपायला लागलं. पहिल्यांदा त्यानं उजव्या पायाच्या साच्याला डाव्याचं झाकण लावलं. मेण फटीतून वाहून जमिनीवर पसरलं आणि दोघं हसले. पुढे तो वात घालायला विसरायला लागला. मेणबत्त्या दिसायला झक्क, पेटवायला जावं तर आत काही नाही. गिऱ्हाइकं परत यायला लागली. मग एकदा त्यानं कढई रिकामीच चुलीवर ठेवली. डॉक्टर म्हणाले, मेंदू आक्रसतोय, ह्यावर औषध नाही, शांत ठेवा. मेणबाईनं स्वतःच्या हातानं एक डोकं ओतलं, शिवण तासली, फडक्यानं पुसून चकचकीत केलं आणि अंतोनीसमोर नेऊन ठेवलं. शनिवारी घंटावाल्यानं ते टोपलीतून परत आणलं. सोमवारी तिनंच ते कढईत टाकलं. नाक सगळ्यात शेवटी वितळलं.

गेल्या वर्षी सणाला दादा धुतलेला सदरा घालून गेला तो संध्याकाळ झाली तरी आला नाही. शेवटी एका रहदारीच्या पोलिसानं हाताला धरून आणला. खिशातलं मेणाचं बाळ चेपून सपाट झालं होतं. मेणबाईनं पाणी दिलं, बूट काढले आणि समोर बसून राहिली.

‘‘काय बातमी, दादा?’’

‘‘कसली बातमी?’’ दादा म्हणाला. अगदी सरळ विचारलं त्यानं.

यंदाच्या सणाला तो कुठं गेलाच नाही. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा खिडकीत उभा राहून त्यानं विचारलं, कुणाचं लग्न आहे? आणि वळून मेणबाईला म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही पण जा ना बघायला. मी बसतो इथं.’’ अठ्ठावन्न वर्षं ज्या तोंडानं तिला धाकटे म्हटलं त्या तोंडातून ‘तुम्ही’ ऐकून ती खुर्चीत बसली. बाहेर बँड वाजत होता. दादाचं जाणं तिला दिसत होतंच, पण त्याच्याबरोबर तिची मुलगीही चालली होती, नोकरीसकट, शांत नवऱ्यासकट, मोठ्या कानांच्या नातवासकट. पत्त्याचं गाठोडं एकाच डोक्यात ठेवलं होतं आणि त्या डोक्याला भोक पडलं होतं. तिला दादाचा भयंकर राग आला. इतक्या वर्षांत कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून ठेवता आलं नाही? मग रागाची लाज वाटली. लाज वाटूनही राग गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंतोनीचं बाळ काढलं. खुंटी घट्ट होती, जरा पिळावं लागलं. मेण गाळायच्या पांढऱ्या फडक्याचा एक तुकडा फाडून त्यात तिनं ते गुंडाळलं आणि वातींच्या खणात ठेवलं. संताला म्हणाली, ‘‘मी कधी काही मागितलं नाही. आता मागते. मुलगी कुठंय ते दाखव आणि तुझं पोरगं घेऊन जा. तोवर बस असाच रिकाम्या हातानं.’’ अंतोनी पुढे हात करून तसाच उभा राहिला. बाळाविना तो दाराशी आलेल्या भिकाऱ्यासारखा दिसत होता, पण मेणबाईला त्याची दया आली नाही.

पाववालीनं पाव देता देता मूर्ती पाहिली. ‘‘काय हरवलं गं?’’

‘‘कात्री.’’

‘‘ही काय, गळ्यात अडकवलीयस.’’

‘‘दुसरी,’’ मेणबाई म्हणाली.

त्यानंतर ती रोज दादाच्या मागे लागली. जेवताना, अंघोळ घालताना, बटणं लावताना. दादा, मी आजारी होते, आठवतं? दादा, तू तिला नेलीस, कुठल्या गल्लीनं गेलास? दादा घासाकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा, कधी हसायचा. एकदा म्हणाला, कोण मुलगी? एकदा तर रडायलाच लागला आणि का ते त्याला सांगता येईना. मेणबाईनं कानाला खडा लावला, आता विचारायचं नाही. आणि नेमकं त्याच संध्याकाळी, चहात पाव बुडवता बुडवता, कुणी न विचारता तो म्हणाला, ‘‘निळं दार.’’

मेणबाईनं हातातली बशी खाली ठेवली. ‘‘निळं?’’

‘‘छोटं आहे. वाकून जावं लागतं. आत झाडं आहेत.’’ त्यानं पाव तोंडात घातला. ‘‘चांगलं आहे आत. शांत.’’

बस, एवढंच. पण मेणबाईला तेवढं पुरलं. झाडं म्हणजे बाग, बाग म्हणजे बऱ्या घरची माणसं. नवरा शांत, घर शांत. सगळं जुळत होतं. दुसऱ्या दिवसापासून दादाला तासभर पाववालीच्या हवाली करून, हातात मेणबत्त्यांची जुडी घेऊन, ती जुन्या शहरातली निळी दारं शोधत फिरायला लागली. माणसानं एखादा रंग शोधायला घेतला की तो कुठं कुठं दिसतो! एक दार दातांच्या डॉक्टरचं होतं, एक गोदामाचं, एक नुसतंच भिंतीवर उरलेलं, मागे घर नव्हतं. जिथं माणसं होती तिथं ती म्हणायची, मेणबत्त्या हव्यात का? आणि दार उघडणाऱ्या बाईचे हात बघायची.

आठव्या दिवशी, चांभारगल्लीच्या टोकाला, निळं दार उघडलं ते पस्तिशीतल्या एका बाईनं. मागे अंगणात लिंबाचं झाड होतं. बाईच्या हातात पेन होतं, डाव्या हातात. मेणबाईनं चौकटीला हात टेकला.

‘‘काय हवंय, मावशी?’’

‘‘मेणबत्त्या... चर्चच्या. घरात कुणी आजारी असलं तर...’’

‘‘नाही हो, सगळे बरे आहेत,’’ ती बाई हसून म्हणाली. ‘‘पाणी देऊ का? घामाघूम झालाय तुम्ही.’’ आणि आत वळून तिनं हाक मारली, ‘‘आई, जरा पाणी आण गं.’’

आतून तिची आई आली. तेच नाक, तीच हनुवटी, गालावर त्याच जागी खळी. एकाच साच्यातून ओतल्यासारख्या दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. साचे ओळखण्यात मेणबाईचं आयुष्य गेलं होतं, तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. पाणी पिऊन तिनं पेला परत दिला आणि मेणबत्त्यांची जुडी दारातच विसरून घरी आली. निळी दारं शोधायचं तिनं सोडून दिलं. बाळ मात्र खणातच राहू दिलं. संताला मोकळं सोडायला ती तयार नव्हती.

महिना गेला असेल. एका सकाळी मेणबाई मागच्या खोलीत कान ओतत होती. कानाचा साचा बारीक, मेण नेमकं गरम लागतं, नजर हलवता येत नाही. दुकानात दादा स्टुलावर बसला होता. त्याला वातींची गुंडाळी हातात दिली की तो तासभर ती उलगडायचा आणि गुंडाळायचा. आज त्याला ती सापडली नसावी. खण ओढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मेणबाईनं साचा थंड पाण्यात सोडला आणि डोकावून बघितलं, तर दादा उभा होता. त्याच्या हातात ते पांढरं फडकं होतं. त्यानं एक टोक उचललं, आत बघितलं, पुन्हा टोक नीट झाकलं. आणि ते गाठोडं सदऱ्याच्या आत, छातीशी धरून, एक हात खाली आधाराला लावून, तो दुकानाच्या पायरीवरून खाली उतरला.

ज्या माणसाला गेलं वर्षभर संडास कुठल्या बाजूला हे हाताला धरून दाखवावं लागत होतं, तो माणूस डावीकडे वळला. थांबला नाही, बघितलं नाही, सरळ वळला.

मेणबाई कढईखालची आग तशीच ठेवून निघाली. ‘‘दुकानाकडे बघ गं!’’ एवढं पाववालीला ओरडून ती त्याच्या मागे चालायला लागली. हाक मारायची नाही हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. दहा पावलं अंतर ठेवून ती चालत राहिली. अंगातला एप्रन काढायचं राहिलं होतं, हातावर मेण वाळत होतं. त्याचे पाय नेत होते त्याला! डोकं विसरलं होतं, पायांना पाठ होतं. तिनं मनातल्या मनात अंतोनीची शंभरदा माफी मागितली. भिकारी म्हटलं, रिकाम्या हाताचा म्हटलं, चुकलं माझं.

दादा हमरस्त्यानं गेलाच नाही. घड्याळजीच्या दुकानामागच्या बोळातून, धोब्यांच्या दोऱ्यांखालून, जिथं दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं अशा वाटांनी तो चालला होता. अशा वाटांनी, की जिथं कुणी ओळखीचं भेटू नये. छत्तीस वर्षांपूर्वीही तो असाच गेला असणार. छातीशी धरलेलं गाठोडं त्यानं एकदाही हलवलं नाही. एका ठिकाणी ऊन आलं तेव्हा त्यानं त्यावर हाताची सावली धरली. ते बघून मेणबाईला हुंदका आला. चांगला माणूस, माझा दादा. किती चांगला माणूस.

बोळ संपला आणि एक लांब, उंच दगडी भिंत लागली. भिंतीवरून झाडांचे शेंडे दिसत होते, जुनी मोठी झाडं. भिंतीत मधेच एक दार होतं. बुटकं, निळं, ताजा रंग दिलेलं. ह्या बाजूला मेणबाई कधी आलेली नव्हती. एवढी बाग! तिला वाटलं, इतक्या मोठ्या घरी दिली होती तर. आपण एप्रनवर आलोय, हात असे मेणानं भरलेले, आत जाऊन काय सांगायचं? तिनं घाईघाईनं केस सारखे केले. दादानं दार ढकललं आणि वाकून आत गेला. ती पाठोपाठ वाकून गेली.

आत ओळीनं क्रूस उभे होते.

क्षणभर तिला कळेना, ह्या बागेत एवढे क्रूस कशाला? मग पलीकडच्या टोकाला तिला मोठं लोखंडी फाटक दिसलं, ज्यातून ती आईच्या आणि वडिलांच्या कबरीवर फुलं घेऊन येत असे. तीच दफनभूमी. ती नेहमी पुढून आली होती. हे मागचं दार होतं.

‘‘या या!’’ झारी घेऊन एक म्हातारा राखणदार झाडाखालून पुढे आला. ‘‘गेले दोन सण दिसला नाहीत. म्हटलं, आजारी पडले की काय. दार कालच रंगवलंय, सदरा बघा हं.’’

दादानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो भिंतीच्या कडेनं चालत कोपऱ्यात गेला. तिथं गवतात ओंजळीएवढे दगड रांगेनं बसवलेले होते, कशावरच नाव नाही. एका दगडापाशी तो गुडघ्यावर बसला. बाकीचे दगड काळपट होते, शेवाळलेले. हा एक पिवळट दिसत होता, वरून काहीतरी ओघळून थिजल्यासारखा. मेणबाईनं ते लांबूनच ओळखलं. आयुष्यभर तेच खरवडलं होतं तिनं.

‘‘तुम्ही यांच्या घरच्या का?’’ राखणदारानं विचारलं.

तिनं मान डोलावली.

‘‘दर वर्षी मेणाचं बाळ आणून ठेवतात. उन्हात टिकतंय थोडंच, संध्याकाळपर्यंत पाणी होतं त्याचं. मी खुरप्यानं काढतो, पण सगळं निघत नाही.’’ तो आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘ही बाप्तिस्म्याआधी गेलेली मुलं. जुन्या काळी पुढच्या फाटकातून आणू द्यायचे नाहीत, ह्या दारानं आणायचे. माझ्या बापानं ठेवलंय ह्या बाळाला. तीन दिवसांची होती म्हणे. बाप्तिस्मा द्यायचा तर फादरना बोलवावं लागलं असतं, आणि घरच्यांना ते नको होतं. तुमचे हे मात्र त्याआधी एक साल चुकले नाहीत हो. येतात, तासन्‌तास बसतात. दगडाशी बोलतात काहीबाही. पोस्टात नोकरी लावू का तिला, असं एकदा ऐकलं मी. मी कशाला विचारू? ज्याचं दुःख त्याला.’’

मेणबाई ऐकत होती. दात आले. चालायला लागली. कुत्र्याला भिते. तासन्‌तास ह्या दगडाशी बसून दादानं एकेक बातमी घडवली होती, शिवण तासून, पुसून, तिला खरी वाटेल अशी. डावरी पण त्यानंच केली होती. एवढ्या मोठ्या मुलीला, तिच्या नोकरीला, तिच्या संसाराला, मोठ्या कानांच्या त्या पोराला पुरून वर ठेवायला कुठं दगडसुद्धा नव्हता.

तिला ओरडायचं होतं. दादाला गदागदा हलवून विचारायचं होतं, का केलंस? पण ज्यानं केलं होतं तो माणूस तिथं नव्हता. तिथं एक म्हातारा गुडघ्यावर बसून फडकं उलगडत होता. प्लास्टरचं बाळ त्यानं दगडापाशी ठेवलं, फडक्यानं त्याला नीट पांघरलं आणि वर बघितलं. मेणबाई दिसली तशी त्यानं तिला हातानं जवळ बोलावलं.

‘‘बाई,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘माझ्या बहिणीला सांगू नका. ती तापात आहे. तिला हे सोसायचं नाही.’’

‘‘नाही सांगत,’’ मेणबाई म्हणाली.

‘‘मी सांगेन तिला काहीतरी. बरी झाली की सांगेन.’’ त्यानं मान डोलावली. ‘‘चांगलंच सांगेन.’’

ती त्याच्या शेजारी गवतात बसली. किती वेळ ते राखणदारालाच माहीत. मग तिनं नखानं त्या दगडावरचं मेण थोडं खरवडलं. सवयच हाताला. खाली दगड होता, आणखी काही नव्हतं. तिनं प्लास्टरचं बाळ उचललं, फडकं तिथंच राहू दिलं आणि दादाला काखेत हात घालून उठवलं.

येताना दादाला एकही वळण ओळखू आलं नाही. भिंत संपली तिथेच तो घाबरला आणि लहान मुलासारखं त्यानं तिचं बोट घट्ट धरलं. मेणबाईनं त्याला हमरस्त्यानं आणला, सगळ्यांच्या देखत. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुकानात धूर झाला होता. कढईतलं मेण करपून काळं पडलं होतं आणि पाववाली पाणी मारून मारून दमली होती. ती तोंड सोडणार होती, पण मेणबाईचा चेहरा बघून एक पाव ठेवून निघून गेली.

मेणबाईनं दादाला स्टुलावर बसवला, त्याचे बूट काढले, त्याला पाणी दिलं. मग ती अंतोनीसमोर उभी राहिली. मुलगी कुठंय ते दाखव, असं ती म्हणाली होती. त्यानं दाखवलं होतं. सौदा तिनंच केला होता, शब्दही तिचेच होते. आणि आज सकाळपर्यंत तिची मुलगी ह्या शहरात कुठंतरी डाव्या हातानं चमचा धरत होती, हे आता कुठल्या संताकडे जाऊन परत मागायचं? ते खातं कुणाचंच नव्हतं. तिनं बाळाच्या तळाला चिकटलेली माती एप्रननं पुसली आणि ते खुंटीवर बसवलं. घट्ट बसलं.

दादा स्टुलावरून बघत होता.

‘‘सापडलं का?’’ त्यानं विचारलं.

‘‘सापडलं,’’ मेणबाई म्हणाली.

‘‘बरं झालं,’’ दादा म्हणाला, आणि त्यानं पावाकडे हात केला. मेणबाईनं पाव कापून त्याला दिला आणि करपलेली कढई घासायला घेतली.